वाचताना डोळ्यांची हालचाल आणि वाचनात अडखळणारी मुलं

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत जातात असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही, डोळे उड्या मारतात. एका जागी साधारण पाव सेकंद थांबायचं, मग इंग्रजीत असेल तर सात-आठ अक्षरं पुढे उडी, परत थांबायचं. उडीला सॅकेड म्हणतात, थांब्याला फिक्सेशन. उडी चालू असताना नवीन काही टिपलं जात नाही, वाचायचं ते सगळं थांब्यावरच. लुई एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७० च्या दशकाच्या शेवटी डोळ्यांच्या या उड्यांबद्दल लिहिलं. चांगलं वाचणाऱ्याचेही डोळे शंभरातल्या दहा-पंधरा वेळा मागे जातात, त्यात काही गैर नाही.

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला फार जड जाणं, तो असलेल्या मुलांमध्ये थांबे जास्त, ते लांबलेले, उड्या आखूड आणि मागे वळणं खूप. हे डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर स्पष्ट दिसतं, त्यामुळे डोळेच नीट हलत नाहीत म्हणून वाचता येत नाही असं वाटणं साहजिक होतं, आणि १९८० च्या आसपास काही संशोधकांनी तसा दावाही केला. पण इतरांनी तेच तपासून बघितलं तर निष्कर्ष टिकला नाही. उलट याच मुलांना त्यांच्या वाचनाच्या पातळीचा सोपा मजकूर दिला की डोळे बऱ्यापैकी नीट चालतात, आणि हुशार वाचकाला डोक्यावरून जाणारं काही दिलं की त्याचेही डोळे तसेच अडखळतात. म्हणजे बहुतेक वेळा डोळ्यांचं अडखळणं हा वाचन जड जाण्याचा परिणाम आहे, कारण नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा विषय डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच होता. स्कॉटलंडचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड यांनी शब्दांधत्वावर, म्हणजे नजर चांगली असूनही शब्द वाचता न येण्यावर लिहिलं, ते वाचून इंग्लंडचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये १४ वर्षांच्या पर्सीची केस छापली. नजर चांगली, गणित चांगलं, आकडे भराभर वाचायचा, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून 'प्रेसी' लिहायचा. आज मुख्य अडचण अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात मानली जाते. मराठीत 'कर्म' आणि 'क्रम' यात गोंधळणाऱ्या मुलाला र दिसत नाही असं नसतं, दिसलेला र कुठे उच्चारायचा ते त्याला चटकन लागत नाही. त्यात आपली ऱ्हस्व वेलांटी, 'कि' लिहिताना आधी आणि बोलताना नंतर, म्हणजे नवशिक्यांची परीक्षाच.

याचा अर्थ डोळे तपासू नका असा अजिबात नाही. लांबचा नंबर असेल तर फळा दिसत नाही, जवळचं धूसर दिसत असेल तर पुस्तक नकोसं होतं. काही मुलांचे दोन्ही डोळे जवळ बघताना नीट एकत्र वळत नाहीत, मग अक्षरं दुहेरी दिसतात, डोकं दुखतं, ओळ चुकते. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशिअन्सी म्हणतात आणि त्यावर क्लिनिकमध्ये करून घेतलेल्या व्यायामांचा फायदा होतो, २००८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तो दिसला. पण त्याच गटाच्या २०१९ च्या चाचणीत वाचलेलं समजण्यात मात्र या व्यायामांनी तुलनेसाठी दिलेल्या खोट्या उपचारापेक्षा जास्त सुधारणा झाली नाही. डोकेदुखी थांबणं वेगळं, वाचायला येणं वेगळं, आणि जाहिरातींमध्ये नेमकं हेच दोन्ही एक करून विकतात. रंगीत काचा आणि पानावर ठेवायच्या रंगीत प्लास्टिकच्या शीट यांचंही तेच, डिस्लेक्सियावर त्यांचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून हे सांगितलंय. पैसे घालवायचेच असतील तर अक्षर-आवाज पद्धतशीर शिकवणाऱ्या रेमेडियल टीचरवर घालवावेत.

महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळू लागल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. या अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी गेलं की आधी डोळे आणि कान तपासून घेतात, नंबर असेल तर चष्मा लावून घ्यायला सांगतात, आणि बुद्ध्यांक व वाचन-लेखनाच्या चाचण्या नंतर होतात.