विहीर खारी झाली म्हणून आणखी खोल खणू नका

किनाऱ्याजवळची विहीर खारट झाली की आणखी खोल जा, गोडं पाणी लागेल, हा सल्ला अजूनही दिला जातो. बहुतेक ठिकाणी तो घातक ठरतो. गोडं पाणी हलकं असल्याने जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं. घायबेन-हर्झबर्ग नियमानुसार भूजल समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणजेच उपशाने पातळी अर्धा मीटर उतरून तशीच राहिली, तर खारं पाणी हळूहळू २० मीटर वर चढतं! खोल बोअर त्याच्याच जवळ नेते. (मध्ये चिकणमातीचा अभेद्य थर असेल, तर गोष्ट वेगळी; पण ते तपासणीनंतरच कळतं.) शिवाय समुद्राचं पाणी जेमतेम दोन-तीन टक्के मिसळलं तरी विहीर पिण्यालायक राहत नाही आणि ती पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. उपसा कमी करणं आणि पावसाचं पाणी जिरवणं, हाच खरा उपाय.