स्तनाचा कर्करोग : आशियाई स्त्रिया
आशियातील स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचा कल आणि त्यावरील उपचारांची उपलब्धता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या रोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया दगावल्या. मृतांपैकी जवळजवळ निम्म्या आशियातील होत्या. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण व ९८ हजार मृत्यू, तर जपानमध्ये सुमारे ९२ हजार रुग्ण व १७ हजार मृत्यू असा अंदाज आहे. उशिरा मातृत्व, कमी अपत्ये, स्तनपानाचा घटलेला काळ व लठ्ठपणा ही रुग्णसंख्येच्या वाढीची सर्वमान्य कारणे होत.

आशियाई स्त्रीला हा रोग पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होतो, असे विधान वारंवार आढळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जिथे तरुणांची संख्या जास्त, तिथे रुग्णांचे सरासरी वयही कमीच भरणार. तथापि दक्षिण कोरियात वयोगटवार दरही (त्या-त्या वयाच्या ठरावीक स्त्रियांमागे रुग्ण) पन्नाशीच्या आसपास शिखर गाठून पुढे उतरतो. त्याचा उलगडा लोकसंख्येच्या रचनेने होत नाही. काही अभ्यासक याचे मूळ जैविक भेदात शोधतात. इतरांच्या मते हा पिढ्यांमधला फरक आहे : जुन्या राहणीत वाढलेल्या वृद्ध स्त्रियांचा धोका मुळातच कमी, नंतर जन्मलेल्यांचा जास्त. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जैविक भेद मात्र पूर्णपणे नाकारता येत नाही.

‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे ज्या गाठीच्या पेशींत संप्रेरकांचे दोन ग्राही (संप्रेरक ज्यांना चिकटते ती प्रथिने) व हर-२ हे प्रथिन यांपैकी काहीच आढळत नाही, असा प्रकार. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त, बहुधा एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश, सांगितले जाते. यातील काही भाग तपासणीतील त्रुटींचाही असावा. काढलेली गाठ फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रावणात वेळेत, शक्यतो तासाभरात, पडली नाही, तर संप्रेरक-ग्राहींची चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते. अशा वेळी संप्रेरकाचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त, परिणामकारक गोळी ज्या स्त्रीला मिळायला हवी, तिलाच ती दिली जात नाही. ही हानी टाळता येण्याजोगी आहे, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

चाळणी तपासणीसाठी (लक्षणे नसताना रोग शोधण्यासाठी) जपान व दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण चित्रणाची) सोय आहे. शांघायमधील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांच्या चाचणीत (२००२) स्वतःचे स्तन स्वतः तपासण्यास शिकवल्याने मृत्यू घटले नाहीत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. तिच्या २०२१ मधील निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट मिळून झालेली घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. मॅमोग्राफी यंत्रे अपुरी असलेल्या प्रदेशांना हा पर्याय मोलाचा ठरतो.

२०१०–१४ मध्ये निदान झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण जपानमध्ये सुमारे ८९, कोरियात ८७, तर भारतात ६६ टक्के होते. ही दरी प्रामुख्याने उशिरा निदान व अर्धवट सुटणारे उपचार यांमुळे पडते. किरणोपचार केंद्रे मोठ्या शहरांत एकवटलेली असल्याने रोजचे जाणे-येणे किंवा आठवडेच्या आठवडे परगावी राहणे रुग्णाला पेलत नाही. हर-२ प्रथिनावर मारा करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २०१५ मध्ये आले. त्याआधीच, २०१३ मध्ये, भारतात त्याच्या जैवसदृश (मूळ जैविक औषधाशी जवळजवळ सारख्या) औषधाला मान्यता मिळाली होती. आयुष्मान भारत योजनेत (२०१८) पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे; प्रवास व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो.