तपासणीला आली नाही म्हणजे निष्काळजी? नाही हो

"तिला बाळाची काळजीच नाही, नाहीतर तपासणीला आली नसती का?" गरोदर बाईबद्दलचं हे वाक्य किती वर्षं ऐकतोय आपण, अगदी शिकलेल्यांच्या तोंडी पण. जरा बघा, रोजंदारीवरची बाई दवाखान्यात गेली की त्या दिवसाची मजुरी गेली, वर गाडीभाडं, मोठं पोर कडेवर, तासन्‌तास रांग आणि शेवटी दोन मिनिटांत बीपी बघून "पुढच्या महिन्यात या". जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात किमान ८ तपासण्या सांगितल्यात, म्हणजे असे ८ दिवस. करा हिशोब.

२०२० मध्ये गरोदरपण-बाळंतपणात जगभरात अंदाजे २,८७,००० बायका दगावल्या, त्यातल्या जवळपास ९५ टक्के कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. सगळ्या निष्काळजी होत्या का? रक्तस्राव, वाढलेलं बीपी, इन्फेक्शन, बहुतेक टाळता येणारी कारणं. बरं, नुसत्या पैशाचंही नाही हे, अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांमध्ये अशा मृत्यूंचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे आणि कॉलेज शिकलेल्यांमध्येही फरक उरतोच. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं (म्हणजे वाढलेल्या बीपीचीच लक्षणं असू शकतात) बाई सांगते तेव्हा "होतं असं" म्हणून घरी पाठवलं तर तिचा काय दोष? बाळंतपणानंतर तर सगळे बाळाकडेच बघतात, आईचं बीपी मोजायचं कोणाच्या लक्षातही येत नाही.