मत्स्यशोधक (जलाशयातील होड्यांवरील)

मत्स्यशोधक : पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली, तळाचा पोत आणि मधल्या माशांचा ठाव दाखवणारे यंत्र. बोलण्यात ‘फिश फाइंडर’ हेच नाव रुळले आहे. खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) छोट्या होड्यांच्या संदर्भात येथे त्याचा आणि सोबतच्या दिशादर्शक साधनांचा विचार केला आहे.

खानदेशाला समुद्र नाही, पण पसरलेले पाणी पुष्कळ आहे. तापीवर हतनूर धरण (१९८२, ४१ दरवाजे), त्याखाली सुलवाडे, सारंगखेडे व प्रकाशे येथील बॅरेज (दरवाजांचे बुटके बंधारे), नवापूर तालुक्याकडे उकाई धरणाचा (१९७२) फुगवटा आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदेवरील सरदार सरोवराचे पाणी. भोई, कोळी व भिल्ल समाजांतील मासेमार वल्ह्याच्या होडीवर, डोंग्यावर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकतात. ‘पानी कितलं खोल से?’ या प्रश्नाचे उत्तर बांबू बुडवून किंवा दोरीला दगड बांधून मिळते. परस हे विहिरीचे माप आणि किनारपट्टीवरची वाव ही दोन्ही मापे माणसाच्या अंगावरूनच आलेली आहेत.

शोधाचे श्रेय : याबाबत एकमत नाही. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर ब्रिटनचे लुईस रिचर्डसन यांनी प्रतिध्वनीने हिमनग ओळखण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला, पण यंत्र बनवले नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेह्म यांना १९१३ मध्ये पेटंट मिळाले. त्यांचाही शोध हिमनगापासून सुरू झाला व खोली मोजण्यावर स्थिरावला. रेजिनाल्ड फेसेंडन यांनी १९१४ मध्ये प्रत्यक्ष समुद्रात हिमनग व तळ या दोहोंचे प्रतिध्वनी मिळवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झ स्फटिकाचा दाबविद्युत् गुण (दाबाने वीज व विजेने कंप निर्माण होण्याचा) वापरला. आजच्या संवेदकाची (ध्वनी सोडणाऱ्या व टिपणाऱ्या भागाची) जात पाहता, तो या शेवटच्या कामाचा थेट वारस ठरतो.

मासे शोधण्यासाठीचा उपयोग मात्र नंतरचा आहे. जपानमध्ये किमुरा यांनी १९२९ मध्ये मत्स्यतळ्यात ध्वनीने मासे ओळखण्याचा प्रयोग केला. नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी १९३५ मध्ये कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी-आलेख प्रसिद्ध केले. बाजारात चाललेल्या पहिल्या यंत्राचे श्रेय सामान्यतः नागासाकीच्या फुरुनो बंधूंना (१९४८) देतात आणि ते ग्राह्य वाटते. तरी साचलेल्या गोड्या पाण्याचा विचार करता किमुरांच्या तळ्याला अधिक मान द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कार्यतत्त्व : स्पंद तळाला आपटून परत येण्यास लागलेला वेळ गुणिले ध्वनीचा वेग, भागिले दोन, म्हणजे खोली. गोड्या पाण्यात २०° से. तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मी. असतो, ३०° से.ला तो सुमारे १,५१० मी. होतो. बरीच यंत्रे १,५०० मी. धरून हिशेब करतात. त्यामुळे हिवाळ्यात १० मी. खोलीत १३ सेंमी.च्या आसपास चूक निघते. खानदेशच्या उन्हाळ्यात पाणी तापले की ती जवळजवळ नाहीशी होते.

माशाच्या अंगातून येणाऱ्या प्रतिध्वनीचा मोठा वाटा त्याच्या वाताशयाचा (पोटातील हवेच्या पिशवीचा) असतो. मांस व पाणी यांची घनता फारशी वेगळी नसते. म्हणून कटला, रोहू, मृगळ यांसारखे वाताशय असलेले मासे ठळक उमटतात. होडी माशावरून सरकताना आधी अंतर जास्त, मग कमी, मग पुन्हा जास्त होते, आणि पडद्यावर कमान उमटते. होडी थांबलेली असेल तर त्याच माशाची लांब आडवी रेघ होते. नवखा माणूस तिला तळ समजतो.

वारंवारतेची निवड येथे महत्त्वाची आहे. २०० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी गोड्या पाण्यात सुमारे ७.४ मिमी. असते, बारीक तपशील दिसतो, पण मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच ती परतते. ५० किलोहर्ट्‌झची लहर गाळात शिरून खालचा कठीण तळ दाखवते. हतनूरसारख्या गाळाने भरत चाललेल्या जलाशयात दोन्ही रेघा एकत्र पाहिल्या तर काळ्या मातीच्या गाळाची जाडी अंदाजाने कळते. गाळावर तळाची रेघ फिकी, मुरूम-खडकावर गडद येते. जुन्या नदीपात्रावरून होडी गेली की ती रेघ एकदम खाली उतरते आणि पलीकडच्या काठाला तशीच वर चढते. जाळे कोठे लावावे, हे ठरवायला हा एक उतारच पुष्कळदा पुरतो.

यंत्रातून निघणारा ध्वनी खाली शंकूसारखा पसरत जातो. त्या शंकूचा कोन २०° असल्यास दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे तीन मीटर पाण्यात यंत्र जेमतेम एक मीटर रुंद पट्टी पाहते. उथळ काठाला त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

बसवणी : थर्माकोलमध्ये हवा भरलेली असल्याने ध्वनी त्यातून जात नाही, लाकडातूनही नीट जात नाही. म्हणून संवेदक तराफ्याच्या किंवा होडीच्या कडेला बांबूला बांधून थेट पाण्यात, वल्ह्याच्या फेसापासून दूर ठेवावा लागतो. लहान यंत्राला १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

दिशादर्शन : होकायंत्राची गरज धुके व रात्र सोडल्यास कमी. जीपीएसच्या नागरी संकेतातील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढल्यापासून साधा हातातला संचही जाळ्याची जागा काही मीटरांत सांगतो. भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या उपग्रह दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला. नर्मदेच्या फुगवट्यात एका बाजूला सातपुड्याचे व दुसऱ्या बाजूला विंध्याचे उंच काठ असल्याने आकाशाचा पट्टा अरुंद राहतो, व उपग्रह कमी दिसून चूक वाढते. इन्कॉइस (हैदराबादचे महासागरी माहिती केंद्र) देत असलेली संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवर आधारलेली असते. जलाशयाला ती लागू नाही.

सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मी. असून तळाशी शेते व झाडे बुडालेली आहेत. उभी खोडे पडद्यावर माशांच्या थव्यासारखी दिसतात आणि जाळी फाडतात. त्यांच्या जागा जीपीएसमध्ये नोंदवणे हा या साधनाचा येथील सर्वांत कामाचा उपयोग होय. मात्र पाणी ऑक्टोबरनंतर उतरत जाते, म्हणून नुसती खोली लिहून उपयोग नाही. त्या दिवसाच्या धरणपातळीतून खोली वजा करून तळाची उंची लिहावी. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावरही ती लागू राहते.