युरोपीय संघात जायचं म्हणजे स्वतःचे कायदे गुंडाळायचे?

सर्बिया, मॉन्टेनेग्रो, युक्रेन यांच्या युरोपीय संघप्रवेशाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आता यांचे व्यापारी कायदे केराच्या टोपलीत, ब्रुसेल्सचा, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचा, मसुदा जसाच्या तसा लागू.’ हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य पूर्ण खोट्यापेक्षा चिवट असतं.

संघाचे काही नियम सदस्यत्वाच्या पहिल्या दिवसापासून थेट लागू होतात, हे खरं. पण कंपनी कायदा बराचसा ‘निर्देशां’वर चालतो. निर्देश साध्य काय करायचं ते सांगतो. ते कसं करायचं हे देशाची संसद ठरवते. पोलंड पाहा. 2004 मध्ये संघात आला, पण त्याचा कंपनी कायदा पोलिशच आहे. 2001 पासून लागू असलेल्या या संहितेची मुळं 1934 च्या जुन्या व्यापारी संहितेत आहेत. सर्वसामान्यांना शेअर विकू शकणाऱ्या ‘पब्लिक’ कंपनीला किमान 25,000 युरो भांडवल हवं, ही संघाची अट. साध्या मर्यादित (प्रायव्हेट लिमिटेडसारख्या) कंपनीसाठी मात्र संघाने आकडाच ठरवलेला नाही. म्हणून जर्मनीत तिला 25,000 युरो लागतात, तर पोलंडमध्ये तिथल्या चलनातले 5,000 झ्लॉटी, म्हणजे त्याहून कितीतरी कमी, पुरतात. एकाच संघात, बरं का!

संघप्रवेशाच्या ‘वाटाघाटी’ हा शब्दही फसवा. नियम मानायचे की नाही यावर घासाघीस होत नाही. होते ती प्रामुख्याने मुदतीवर. परदेशी लोकांच्या शेतजमीन खरेदीवरचे निर्बंध टिकवायला पोलंडने तब्बल 12 वर्षं मिळवली होती.