मुरीद पंथ (सेनेगल)

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेला सूफी संप्रदाय. संस्थापक शेख अमादू बांबा (१८५३–१९२७). पवित्र नगर तुबा. सेनेगलमध्ये सुमारे ९५ टक्के लोक मुसलमान असून त्यांतील बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या सूफी परंपरेशी बांधलेले असतात. अनुयायांच्या संख्येने तिजानी पंथ मोठा आहे. पण राजधानी डाकारच्या रस्त्यावर पावलोपावली भेटतो तो मुरीद पंथ. शिंप्याच्या, सुटे भाग विकणाऱ्याच्या, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘तुबा’ हे नाव असते. ‘कार रापीद’ नावाच्या निळ्या-पिवळ्या रंगवलेल्या जुन्या मिनीबसच्या कपाळावर ‘अल्हम्दुलिल्लाह’ लिहिलेले असते आणि आसपास पंथातल्या थोर पुरुषांची चित्रे असतात.

बांबांचा उदय समजण्यासाठी काळ ध्यानात घ्यावा लागतो. फ्रेंचांनी इथल्या वोलोफ लोकांची राज्ये एकेक करून मोडीत काढली होती. १८८६ मध्ये काजोरचा राजा लात दिओर लढाईत पडला. राजाश्रय तुटलेले सैनिक, शेतकरी आणि पूर्वीचे गुलाम बांबांभोवती गोळा होऊ लागले. बांबांनी शस्त्र उचलले नाही. स्वतःच्या वासनांशी झुंज हाच खरा जिहाद, असे ते शिकवत. तरीही एवढी माणसे एका फकिराच्या शब्दावर जमतात याचीच सरकारला धास्ती वाटली. १८९५ मध्ये त्यांना पकडून गॅबनला हद्दपार केले गेले. १९०२ मध्ये ते परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांना मॉरिटानियात पाठवण्यात आले. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते सेनेगलमधील जुर्बेल येथे सरकारी नजरेखाली राहिले. या सगळ्या काळात त्यांनी अरबी भाषेत विपुल स्तुतिकाव्य रचले. ‘खासिदा’ म्हणून ओळखली जाणारी ही कवने आज टॅक्सीत, दुकानात आणि मोबाइलवर वाजत असतात.

हद्दपारीची एक कथा सेनेगलमध्ये लहान मुलालाही ठाऊक असते. जहाजावर नमाज पढायला मनाई झाली, तेव्हा बांबांनी चटई समुद्राच्या पाण्यावर अंथरली, नमाज पूर्ण केली आणि ते जहाजावर परतले. काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेल्या चित्रांत हा प्रसंग पुनःपुन्हा येतो. जहाज, तोफा, गणवेश सारे फ्रेंचांचे, आणि समुद्र मात्र बांबांच्या बाजूचा. पराभूत समाजाने आपला इतिहास इतक्या ताठ मानेने सांगितल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

बांबांचे सर्वज्ञात छायाचित्र एकच, १९१३ मधले. पांढरा झगा, डोक्यावरून घेतलेले वस्त्र तोंडापर्यंत ओढलेले, प्रखर उन्हामुळे चेहरा अर्धा सावलीत, हात बाह्यांत झाकलेले. वसाहतकाळातल्या या फोटोचे पुढे भिंतींवर, बसगाड्यांवर, टी-शर्टवर आणि गळ्यातल्या लॉकेटमध्ये अगणित अवतार झाले. डाकारमध्ये घराच्या भिंतीवर ही आकृती काळ्या-पांढऱ्या रंगात काढलेली दिसते. तिच्यातून ‘बरका’, म्हणजे संताची कृपा, घराला आणि धंद्याला मिळते अशी भावना असते.

मुरीदांच्या आचारात श्रमाला उपासनेइतके मोल आहे. शिष्य एखाद्या गुरूच्या, म्हणजे ‘सेरीन’च्या, हाती स्वतःला सोपवतो आणि त्याची आज्ञा (‘न्दिगेल’) मानतो. पूर्वी याचा अर्थ गुरूच्या शेतावर भुईमूग पिकवणे असा होता. फ्रेंचांनाही भुईमूग हवाच होता, त्यामुळे पुढे सरकार आणि पंथ यांचे जमून गेले. या कष्टांत शिष्याची पिळवणूक होत नाही का, हा प्रश्न अभ्यासकांनी वेळोवेळी विचारला आहे आणि तो रास्त आहे. १९९१ मध्ये खेलकोम येथील सुमारे ४५,००० हेक्टर राखीव वनजमीन भुईमुगासाठी पंथप्रमुखांना मिळाली. जंगल झपाट्याने तोडले गेले आणि तिथे गुरे चारणारे फुलानी पशुपालक उघड्यावर पडले. भक्तीने केलेल्या कामाचीही किंमत कुणीतरी मोजतो, हे खेलकोमबद्दल बोलताना विसरू नये.

श्रमभक्तीचे टोक म्हणजे ‘बाय फाल’. बांबांचे शिष्य इब्रा फाल यांना मानणारा हा गट. ठिगळांचे रंगीबेरंगी कपडे, केसांच्या जटा, कमरेला रुंद चामडी पट्टा आणि हातात दान मागण्यासाठी भोपळ्याचे भांडे अशा वेषात ते गात फिरतात. रोजच्या नमाजाचे आणि रमजानच्या उपवासाचे बंधन यांतले बरेच जण पाळत नाहीत. इतरांसाठी लाकूड फोडणे, पाणी भरणे, रांधणे हीच त्यांची इबादत. कर्मठ मुसलमानांना हे खटकते. तुबाच्या मोठ्या मशिदीचा सर्वांत उंच, ८७ मीटरचा मिनार मात्र ‘लांप फाल’ म्हणून, याच इब्रा फालच्या नावाने ओळखला जातो.

ही मशीद १९६३ मध्ये खुली झाली. बांबांची समाधी तिथेच आहे. तुबात दारू आणि तंबाखूला बंदी आहे. हिजरी सफर महिन्याच्या १८ तारखेला येथे ‘ग्रां मगाल’ हा यात्रोत्सव भरतो. हा दिवस बांबांच्या हद्दपारीचा, आणि त्याच दिवशी ईश्वराचे आभार माना असे त्यांनी सांगितले होते. लाखो माणसे लोटतात. तुबातली घरे अनोळखी पाहुण्यांसाठी उघडी राहतात, बैल कापले जातात, भाताची मोठमोठी पातेली चढतात. कुणी जेवणाचे पैसे मागत नाही. वाटेवर ‘काफे तुबा’ मिळतो. ‘जार’ नावाचा तिखट मसाला घालून भाजलेली ही कॉफी विक्रेता उंचावरून एका पेल्यातून दुसऱ्यात ओतून फेसाळ करतो. मुरीदांची असलेली ही कॉफी आता साऱ्या देशाचीच झाली आहे.

बायकांचा ओढा बांबांच्या आई मामे जारा बुसो यांच्याकडे विशेष असतो. पोरोखान येथील त्यांच्या समाधीवर स्वतंत्र यात्रा भरते.

१९७० च्या दशकातील दुष्काळांनी भुईमुगाची शेती खिळखिळी केली, तेव्हा मुरीद तरुण शहरात आले आणि तिथून इटली, स्पेन, न्यूयॉर्क येथे फेरीवाले म्हणून पोहोचले. परक्या गावात त्यांना धरून ठेवते ती ‘दाइरा’: आठवड्याला एकत्र बसून खासिदा म्हणणारी आणि वर्गणी काढणारी मंडळी. नव्याने आलेल्याला खोली, पहिला माल, आजारपणात पैसा आणि परदेशात मृत्यू आल्यास देह तुबाला नेण्याची व्यवस्था दाइराकडून होते. मात्लाबुल फौझैनी या दाइराने अशाच वर्गण्यांतून तुबात मोठे रुग्णालय उभारले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये दरवर्षी २८ जुलैला बांबांच्या नावाने मिरवणूक निघते.

राजकारणातही पंथाचे वजन आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर कॅथलिक होते, तरी त्यांना तेव्हाचे पंथप्रमुख फालिलू म्बाके यांचा पाठिंबा होता. स्वतः मुरीद असलेले अब्दुलाय वाद २००० मध्ये निवडून आल्यावर तुबात जाऊन पंथप्रमुखांपुढे नतमस्तक झाले. धर्मनिरपेक्ष राज्याच्या प्रमुखाने असे करावे का, यावर देशात मोठा वाद झाला. आता पंथप्रमुख निवडणुकीत कुणाला मत द्या असा आदेश सहसा देत नाहीत, आणि दिला तरी सगळे तो पाळतीलच असे नाही. गुरूच्या शेतावर राबणारा शिष्य मतपेटीपाशी आपल्या मनाने वागतो. २०१९ मध्ये डाकारमध्ये ‘मासालिकुल जिनान’ ही भव्य मुरीद मशीद खुली झाली, तेव्हा एकमेकांशी बोलेनासे झालेले अब्दुलाय वाद आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष माकी साल यांचा समेट पंथप्रमुखांनी तिथेच घडवून आणला.