वाऱ्याचा वेग ढगावरून कसा वाचतात

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आदल्या दिवशी हेच वादळ भर समुद्रात होतं आणि तिथे वारा मोजायला कुणी नव्हतं. अमेरिकेत वादळाच्या पोटात विमानं घालून उपकरणं सोडतात. आपल्याकडे तशी नियमित उड्डाणं होत नाहीत. बोया, म्हणजे समुद्रात तरंगणारी मोजमापाची उपकरणं, मोजक्याच, आणि इशारा मिळालेली जहाजं त्या वाटेला फिरकत नाहीत. त्यामुळे वादळ किनाऱ्यावरच्या रडारच्या टप्प्यात येईपर्यंत बातमीत जो वेग सांगतात तो मुख्यतः उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला असतो. आणि ते चित्र काढणाऱ्या उपग्रहाला वारा थेट मोजता येत नाही.

इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे आपले हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत, पहिला ७४ आणि दुसरा ८२ अंश पूर्व रेखांशावर. पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे हिंदी महासागर त्यांच्या नजरेआड होत नाही. पूर्ण चित्र घ्यायला एकाला साधारण अर्धा तास लागतो. दोघांच्या वेळा मागेपुढे ठेवल्या की दर पाव तासाला नवं चित्र हाती येतं. दृश्य प्रकाशातला एक चित्रबिंदू (पिक्सेल) १ किलोमीटरचा असतो, उष्णता टिपणाऱ्या अवरक्त पट्ट्यांत ४ किलोमीटरचा आणि बाष्पाच्या पट्ट्यात ८ किलोमीटरचा.

चोवीस तास कामाला येतो तो अवरक्त पट्टा. ढग जितका उंच, तितका त्याचा माथा थंड. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, तर उणे ७० अंशांचा ढगमाथा साधारण १४-१५ किलोमीटरवर पोचलेला असतो. चित्रात थंड ते पांढरं आणि गरम ते काळं दाखवतात. म्हणजे टीव्हीवर दिसणारा पांढराशुभ्र पुंजका पाऊस दाखवत नाही, फक्त तापमान दाखवतो. त्याखाली धो धो पाऊस असेलही, किंवा विरून गेलेल्या गडगडाटी ढगाची नुसती बर्फकणांची चादर उरलेली असेल.

या तापमानावरून वाऱ्यापर्यंत पोचण्याची रीत अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली, आणि आजही जगभर तीच चालते. वादळ जोर धरतं तसा त्याच्या ढगांचा आकार ठरावीक क्रमानं बदलतो, हे तिचं मर्म. आधी विश्लेषक वाऱ्याचं केंद्र शोधतो. मग ढगाच्या वक्र पट्ट्यावर सर्पिल रेषांचा पारदर्शक तक्ता ठेवून (आता हे पडद्यावरच होतं) पट्ट्यानं केंद्राभोवती किती फेरा घेतला ते दशांशात मोजतो. त्यावरून वादळाच्या जोराचा आकडा ठरतो, त्याला टी-नंबर म्हणतात. निम्मा फेरा झाला की टी-नंबर साधारण २.५, म्हणजे ३५ नॉट, ताशी ६५ किलोमीटर: इथून हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं. फेरा पूर्ण होत आला की ३.५, म्हणजे ५५ नॉट आणि तीव्र चक्रीवादळ. पुढे डोळा, म्हणजे वादळाच्या मधोमधचा मोकळा भाग, उघडला की मोजमाप बदलतं. डोळ्यात हवा खाली उतरते आणि तापते, म्हणून तो काळा दिसतो. डोळ्याचं तापमान आणि भोवतीच्या थंड कड्याचं तापमान यांत जितका फरक जास्त, तितकं वादळ जबर. ५.० म्हणजे ९० नॉट. ६.५ च्या पुढे महाचक्रीवादळ.

सगळी पद्धत माणसाच्या नजरेवर उभी आहे, हे लक्षात ठेवावं. दोन अनुभवी विश्लेषकांत अर्ध्या टी-नंबरचा फरक सहज पडतो, आणि ५.० च्या पातळीवर अर्धा नंबर म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. मध्येच डोळ्यावर विरळ बर्फाळ ढग सरकला तर वादळ तितकंच जबर असूनही कागदावर अशक्त ठरतं. एका चित्रावरून आकडा उड्या मारू नये म्हणून दिवसाला किती वाढ मानायची यावर नियमच घालून दिलेले आहेत. वादळ झपाट्यानं बळावत असेल तेव्हा तेच नियम आकड्याला मागे खेचतात.

एकाच वादळाचे दोन वेग इंटरनेटवर दिसतात त्यामागे मात्र साधं कारण असतं. आपलं हवामान खातं तीन मिनिटांचा सरासरी वारा सांगतं, अमेरिकी नौदलाचं केंद्र एका मिनिटाचा. एका मिनिटाची सरासरी जास्तच भरते. तिथे कुणी काही लपवत नसतं.

खरी पंचाईत रात्री होते. वरच्या थरातल्या वाऱ्यानं उंच ढग एका बाजूला ढकलले, की वाऱ्याचं केंद्र उथळ ढगांत उघडं पडतं. उथळ ढगांचं तापमान समुद्राच्या जवळपास असल्यामुळे अवरक्त चित्रात ते उठून दिसत नाहीत. मग रात्रभर केंद्र थंड ढगाखाली धरलं जातं आणि उजाडल्यावर दृश्य प्रकाशाचं पहिलं चित्र आलं की ते पन्नास-शंभर किलोमीटर भलतीकडेच निघतं. केंद्र चुकलं की मार्गाचा अंदाज पहिल्या पावलालाच चुकतो.

म्हणून ध्रुवीय कक्षेतले खालचे उपग्रह लागतात. त्यांचे सूक्ष्मलहरींचे संवेदक बर्फाळ ढगाच्या आरपार पाहतात. रात्रीही आतली पावसाची कडी आणि मधला डोळा दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वरचा स्कॅटरोमीटर तर समुद्रावर रेडिओ लहरी सोडतो आणि वाऱ्यानं उठलेल्या सेंटीमीटरभर तरंगांवरून त्या किती परततात ते मोजतो. त्यावरून पृष्ठावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही निघतात. कमी दाबाभोवती वारा खरोखर पूर्ण फिरतोय का, हे ठरवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पण मुसळधार पावसात त्याचं वाचन बिघडतं, फार जोराच्या वाऱ्यात आकडे कमी येतात, आणि एका जागेवरून तो दिवसातून एखाद-दोन वेळाच जातो.

चित्र स्वतः उघडून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चित्रावर लिहिलेली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. आणि उपग्रह विषुववृत्तावरून तिरका पाहत असल्यामुळे मुंबईजवळचा १५ किलोमीटर उंचीचा ढगमाथा नकाशावर सुमारे ६ किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. वादळासाठी हे नगण्य. पण कोणत्या तालुक्यावर ढग आहे हे पाहताना नाही.

उपग्रहाच्या चित्रात वणवाही शोधतात, त्यासाठी ३.९ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा वापरतात. तापलेली वस्तू त्यात इतकी झळकते की चित्रबिंदूचा अगदी थोडा भाग पेटला तरी तो वेगळा दिसतो. ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस या संवेदकाचा चित्रबिंदू ३७५ मीटरचा आहे, पण तो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. दुपारी चारला पेटून अंधार पडायच्या आत विझलेली आग त्याच्या नोंदीत येतच नाही.

सह्याद्रीच्या पावसापुढे मात्र उपग्रह सर्वांत दुबळे ठरतात. समुद्रावरची ओली हवा घाटाला आपटून वर चढते, आणि बराचसा पाऊस उथळ, तुलनेनं उबदार ढगांतूनच पडतो. अवरक्त पद्धत थंड माथा म्हणजे पाऊस असं धरून चालते, त्यामुळे इथला पाऊस ती कमी मोजते. सूक्ष्मलहरींनाही जमिनीवर मुख्यतः ढगातल्या बर्फाचीच खूण शोधावी लागते, आणि तो बर्फच इथे कमी. जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपग्रह मोहिमेतून मिळणारा पावसाचा पहिला जागतिक अंदाज हाती यायला सुमारे चार तास लागतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा वेळी चार तास फार होतात. घाटासाठी उपग्रहाचा उपयोग आदल्या दोन-तीन दिवसांपुरता: अरबी समुद्रावरून किती बाष्प येतंय, पश्चिमी वारे किती जोराचे आहेत, हे तो संगणकीय प्रारूपांना पुरवतो. प्रत्यक्ष पाऊस कोसळत असताना भरवसा ठेवायचा तो रडारवर, आणि रडारचा किरण जिथे डोंगराआड अडतो तिथे दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणाऱ्या स्वयंचलित पर्जन्यमापकावर.